सात नंबरच्या टाक्यातले मासे

सिएटलच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मला दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, "तू नक्की करतेस काय गं तिकडे जंगलात?" मी म्हणायचे, सॅमन माशांची हॅचरी चालवते. मग समोरच्या बाईचा चेहरा असा व्हायचा, जणू मी मंडपातच कोळंबी सोलायला बसले आहे. दहा मिनिटांनी तिचा नवरा मला बाजूला गाठायचा. हातात मोदकाची प्लेट, आणि हळूच विचारायचा, "दोन-तीन मिळतील का हो, ताजे?" असल्या लोकांना मी तेव्हा काडीची किंमत दिली नाही आणि आजही देत नाही. टेक्ससमधल्या फ्रिस्कोची नणंद तर फोनवर दर वेळी विचारायची, "वहिनी, हाताचा वास जातो का गं?" मी सांगायचे, नाही जात, तू आलीस की तुझ्या गालाला लावीन.

हॅचरी म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि अंडी घालायला परत त्याच नदीत येऊन मरतो. आमच्या नदीवर, वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरांच्या उतारावर, माणसांनी आधी धरणं बांधली, जंगल तोडलं, मासे संपवले. मग गळ टाकणाऱ्यांना मासे कमी पडायला लागले म्हणून हॅचरी काढली. आम्ही अंडी ट्रेमध्ये उबवायचो, पिल्लं सिमेंटच्या लांबट टाक्यांत वाढवायचो आणि नदीत सोडून द्यायचो. म्हणजे आधी घर जाळायचं आणि मग तंबू वाटून टाळ्या मिळवायच्या.

पण वरच्या अंगाला एका ओढ्यात थोडे जंगली मासे उरले होते. ते सरकारी यादीत धोक्यात आलेले म्हणून नोंदलेले. २००१ मध्ये मी तिथे मॅनेजर झाले तेव्हा माझ्या नेमणुकीच्या कागदावर दोन कामं लिहिली होती. एक, आमचे मासे भरपूर तयार करणे. दोन, आमचे मासे त्या ओढ्यात घुसू न देणे. टाक्यात दाणे खाऊन वाढलेला मासा ओढ्यातल्या माशाशी जुळला, की पुढची पिल्लं ओढ्याच्या लायकीची राहत नाहीत. आणि आमच्या जातीचा सॅमन बरोब्बर तिसऱ्या वर्षी परततो. म्हणजे ओढ्यात तीन घराणी पाळीपाळीने येतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. एक घराणं बिघडलं, की त्याला सावरायला दुसरं येत नाही.

ओळखायचं कसं? सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, नखाएवढा एक बिनकामाचा पर असतो. आमच्या प्रत्येक पिल्लाचा तो पर आम्ही कापायचो. पर नाही तो आमचा, पर आहे तो जंगली. शरद ऋतूत मासे परत आले, की नदीवरच्या आडव्या जाळीपाशी एकेक मासा हातात घ्यायचा, पाठीवर अंगठा फिरवायचा. आमचा असेल तर अंड्यांसाठी इकडे, जंगली असेल तर उचलून जाळीपलीकडे, वर ओढ्याकडे. सगळा कारभार त्या नखाएवढ्या परावर चालायचा.

आमचा विभागाचा साहेब मात्र परावर नाही, आकड्यांवर जगायचा. किती लाख सोडले, एवढं विचारायचा. त्याचे गमबूट गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत असत, दुकानातून आणले तसे. मी त्याला चार वर्षांत एकदाही घोट्याच्या वर पाण्यात पाहिलं नाही. भिंतीवर जंगली सॅमनचं पोस्टर, टायवर सॅमन, पेपरवेटमध्ये सॅमन. बाकी सॅमनशी त्याचा संबंध लिंबू पिळण्यापुरता.

२००२ च्या उन्हाळ्यात पर कापायचा ट्रेलर आला. हे लोक एका हॅचरीवरून दुसरीकडे फिरत असतात. आत दहा-बारा बाया रांगेत बसतात, गुंगीच्या पाण्यातून बोटाएवढं पिल्लू काढतात, कात्रीने पर कापतात, पुढचं घेतात. अट एकच, कापायच्या आधी माशांना दीड दिवस उपाशी ठेवायचं. भरल्या पोटी गुंगी दिली की पिल्लं ओकतात आणि टाकंच्या टाकं मरतं. सहा टाकी झाली. सात नंबरचं शेवटचं गुरुवारी दुपारी व्हायचं होतं आणि शुक्रवारी सकाळी ट्रेलर पुढच्या गावी जाणार होता.

तेव्हा माझ्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नवरा सिएटलजवळ नोकरीला, तो फक्त शनिवार-रविवारी यायचा. त्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव घुसमटायचा, म्हणून त्या हॅचरीवरच्या माझ्या सरकारी घरात राहत. बाई मोठ्या नेमाच्या. गुरुवारचा उपास. सांगलीला असताना दर गुरुवारी घाटावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, चाळीस वर्षं, खंड नाही. इथे आल्यावर घाट नव्हता, पण घराच्या दारातच मासे होते. मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "आई, या माशांना काही घालायचं नाही. यांचं खाणं ठरलेलं असतं." त्या हो म्हणाल्या होत्या.

त्या गुरुवारी सकाळी मी ऑफिसात कागद भरत बसले होते. त्यांनी टाक्यांपाशी चक्कर मारली. सात नंबरची पिल्लं दीड दिवसाची उपाशी, माणसाची सावली पडली की सगळी एका कडेला झेपावत होती. बाईंना राहवलं नाही. घरात जाऊन माझं कणकेचं पीठ, जवळजवळ अर्धी पिशवी, मळलं आणि तासभर उभं राहून गोळ्या टाकल्या. दुपारी ट्रेलरची मुकादम, चांगली धिप्पाड बाई, जाळी घेऊन गेली. एक पिल्लू उचललं, पोट दाबलं, तर कणीक बाहेर. तिने पिल्लू मला दाखवलं आणि विचारलं, "हे काय आहे?" आता तिला काय सांगू, दत्तगुरूंचा नैवेद्य?

मी घरी जाऊन सासूबाईंना बोलायचं ते बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, माझा उपास मी धरते. त्यांनी काय पाप केलंय म्हणून त्यांना उपाशी मारायचं?" आणि वर मलाच म्हणाल्या, एवढी शिकलीस आणि मुक्या जिवाची भूक कळत नाही. पुण्य कमवायची एवढी घाई असलेली माणसं मला सहन होत नाहीत. दुसऱ्याच्या टाक्यात, दुसऱ्याच्या पिठाने पुण्य करायचं, आणि निस्तरायला सून आहेच.

ट्रेलर थांबेना. मी साहेबाला फोन केला. तो म्हणाला, "उद्या सगळ्या टाक्यांचा फॉर्म माझ्या टेबलावर हवा. मार्क केले म्हणून लिही. ऑक्टोबरमध्ये पाठवतो ट्रेलर, तेव्हा सातवं उरकून घे." मी लिहिलं. सातही टाकी, पूर्ण. खाली सही केली. ऑक्टोबरमध्ये ट्रेलर आला नाही. मी दोनदा आठवण केली, मग सोडून दिली. वसंतात टाकी नव्या पिल्लांसाठी रिकामी हवी होती, म्हणून सात नंबरचं दार मीच उघडलं आणि सगळी पिल्लं, परासकट, नदीत गेली. त्या दिवशी मला काही वाटलं नाही हे खोटं, वाटलं होतं. पण कामाच्या गडबडीत वाटण्याला कोण विचारतं.

२००४ च्या शरदात ती परत आली.

त्या ओढ्याकडे जाणारे जंगली मासे आम्हाला दर मोसमात मोजके दिसायचे. एखाद्या दिवशी तीन, एखाद्या दिवशी एकही नाही. त्या वर्षी पहिल्याच दिवशी जाळीपाशी पर असलेले तीसेक मासे आले, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. चांगले जाडजूड, गुबगुबीत. नियमाप्रमाणे मी एकेक उचलून वर सोडत गेले. दुपारपर्यंत बातमी साहेबाला पोचली आणि चौथ्या दिवशी तो केक घेऊन हजर. केकवर निळ्या क्रीमचा मासा, त्याच्या पाठीवर पर काढायला बेकरीवाला विसरलेला. स्थानिक पेपरची एक मुलगी, दोन गळवाले, आणि साहेब टाय सावरत सांगतोय की जंगली मासा परतला, आपल्या सगळ्यांच्या मेहनतीने परतला. लोक टाळ्या वाजवत होते. मी कागदी बशीत केक खात उभी होते. गोड होता, चांगला होता.

खरं तर मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी म्हटलं, खात्री करू. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाच माशांचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. खवल्यावर वर्तुळं असतात. जंगली पिल्लाचा पहिला हिवाळा अर्धपोटी जातो, म्हणून त्याची आतली वर्तुळं दाटीवाटीची. आमची पिल्लं वेळच्या वेळी जेवतात, त्यांची वर्तुळं ऐसपैस, सारख्या अंतराची. पाचही खवल्यांवर ऐसपैस वर्तुळं होती. सात नंबरचं टाकं, दुसरं काय.

आता करायचं एकच होतं. वर सोडणं थांबवायचं, पर असलेल्या प्रत्येक माशाचा खवला तपासायचा, आणि खरे जंगली तेवढेच पलीकडे जाऊ द्यायचे. तसं केलं असतं तर त्या वर्षीचं घराणं वाचलं असतं. पण तसं करायचं म्हणजे का करतोय ते सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे माझी सही बाहेर काढायची.

साहेबाला मी केक खाऊन झाल्यावर पार्किंगमध्ये गाठलं. सगळं सांगितलं. त्याने गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या आणि म्हणाला, "फॉर्मवर सही कोणाची आहे?" मग जरा मऊ आवाजात, "हे बघ, लोक खूश आहेत. माशांवरून लोक खूश झालेले तू शेवटचे कधी पाहिलेस?" असा हा माणूस. वीस वर्षं सॅमनच्या जिवावर पगार घेतला आणि सॅमन म्हणजे काय हे त्याला टायवरच्या चित्रापलीकडे माहीत नव्हतं.

शनिवारी नवरा आला. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ग्रीन कार्डच्या पेपर्सवर त्याचीच सही लागणार आहे ना? एवढा सीझन जाऊ दे यार. मासेच आहेत." मी त्याला म्हटलं, "तू आणि तुझी आई, दोघांना मासे म्हणजे घाटावरची करमणूक वाटते." त्याने टीव्ही लावला. मला त्याची कीव आली. एवढं लाचार कसं होता येतं माणसाला, असं मनात म्हणाले. आणि सोमवारी सकाळी गमबूट चढवले, जाळीवर गेले, आणि पर असलेले मासे उचलून वर सोडायला लागले.

अकरा दिवस सोडले. मोजून अकरा. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगते, आणि रोज काहीतरी निमित्त निघायचं. मासा हातात घ्यायचा, अंगठा फिरवायचा, पर लागला की पलीकडे. हात आपोआप चालतात. थंडीने बोटं बधिर झालेली असत, त्यात काय सोडतोय ते जाणवतही नाही, असं मी स्वतःला समजवायचे. मला सगळं जाणवत होतं.

बाराव्या दिवशी माझ्याबरोबर जाळीवर काम करणारा म्हातारा टेक्निशियन थांबला. तीस वर्षं त्याच नदीत उभा राहिलेला माणूस, दिवसाला चार वाक्यं बोलायचा. हातातला मासा त्याने माझ्यापुढे धरला. "ओढ्यातले असे नसतात," तो म्हणाला. "ते सडपातळ असतात, काळपट. हा आपला आहे. तुला माहीत आहे."

मी हो म्हटलं.

"मी पहिल्या दिवसापासून वाट बघतोय, तू कधी बोलतेस."

मी विचारलं, मग तू का नाही बोललास? तो म्हणाला, निवृत्तीला एक वर्ष आहे. म्हणजे तोही त्यातलाच. साहेबाला टाळ्या हव्या होत्या, नवऱ्याला कार्ड, म्हाताऱ्याला पेन्शन, आणि प्रत्येकाला दुसऱ्याने तोंड उघडायला हवं होतं. मला सगळ्यांचाच तिटकारा आला. त्याच दुपारी धोक्यातल्या माशांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या ऑफिसात मी फोन केला, संध्याकाळी लेखी पाठवलं. फॉर्मची प्रत जोडली, सही दिसेल अशी. अकरा दिवसही लिहिले.

ते लोक दोन दिवसांत आले. जाळी बंद केली. उरलेल्या मोसमात मी एकेका माशाचा खवला तपासून निवडत बसले. पण तोवर मोठा लोंढा वर गेलेला होता. म्हातारा आणि मी ओढ्याकाठाने वर चालत गेलो. पाणी गुडघ्याएवढं, स्वच्छ. जिकडे बघावं तिकडे आमची जाडजूड बाळं, माद्या शेपटीने गोटे बाजूला करून खळगे करताहेत, नर एकमेकांना ढुशा देताहेत. त्यांच्यात कुठे कुठे एखादा सडपातळ, काळपट मासा, कडेला ढकललेला. जाळं टाकून आमचे वेगळे काढावेत, तर तळातली अंडी तुडवली जाणार. आम्ही तासभर काठावर उभे राहिलो आणि परत आलो.

मला लेखी ताकीद मिळाली. साहेबाला मुख्य ऑफिसात बढती मिळाली, तिथे नदी नाही, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली. ग्रीन कार्ड दीड वर्षाने आलं. त्या पेपर्सवर साहेबाची सही लागलीच नाही, त्याच्या जागी आलेल्या बाईने वाचताही न वाचता केली. ज्या सहीसाठी मी अकरा दिवस तोंड शिवून बसले होते, तिची किंमत ही. नवरा पेढे घेऊन आला. मी खाल्ले नाहीत म्हणून रुसला.

२००७ च्या शरदात, २००४ मध्ये वर गेलेल्या माशांची पिल्लं परत आली. आता ती ओढ्यात जन्मलेली होती, सगळ्यांना पर, सगळ्यांची वर्तुळं दाट. नजरेने किंवा खवल्याने सांगताच येईना, की कोण जुन्या घराण्यातलं आणि कोण सात नंबरच्या टाक्याची नातवंडं. कायद्याने सगळे जंगली. नव्या बाईने बोर्डही लावला तसा. म्हणून केंद्राच्या लोकांनी सांगितलं, प्रत्येक माशाच्या शेपटीचा कणभर तुकडा स्पिरिटच्या बाटलीत घाला, वर नंबर टाका, आणि मासा वर सोडून द्या. लॅबमध्ये डीएनए तपासतील. ताडून बघायला जुने खवले हवे होते. ते म्हाताऱ्याने निवृत्त होताना पाकिटांत, सालवार लावून ठेवले होते, तेवढं काम मात्र त्याने नीट केलं.

मोसमभर मी बाटल्या भरल्या. पावणेदोनशे झाल्या. हाताखालच्या लोकांवर खेकसत, थंडीला शिव्या घालत, नव्या बाईच्या बोर्डाकडे पाठ करून भरल्या.

२००८ च्या वसंतात रिपोर्ट आला. पावणेदोनशे माशांत जुन्या घराण्याचा, भेसळ नसलेला, एक होता. मादी. तिला जोडीला तिच्या रक्ताचा नर आलेला नव्हता, म्हणजे त्या वर्षीचं घराणं तिच्यापाशी संपलं. मी नंबर बघितला आणि जाळीवरची वही काढली. नोव्हेंबरमधला एक मंगळवार. अक्षर माझं. त्या दिवशी मी माझ्या हातांनी अठ्ठावीस मासे उचलून वर सोडले होते, ती त्यातली एकोणिसावी. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं, विशेष काही नाही.

मी पुष्कळ आठवून बघितलं. मला ती आठवत नाही.